गोळीत वाटा नाही

कोकअर्चा गावात केरिमकुलच्या डाव्या पायाचा अंगठा ही सार्वजनिक मालमत्ता होती. अंगठा त्याचा, ठणका त्याचा, पण त्यावर मत देण्याचा हक्क सगळ्या गावाचा. दुकानात मीठ घ्यायला आलेली बाई मीठ विसरायची, पण अंगठ्याची चौकशी विसरायची नाही.

त्याला कारणही तसंच होतं. गावातल्या सगळ्या घरांच्या घोड्या आणि त्यांची शिंगरं दर उन्हाळ्यात केरिमकुल वरच्या कुरणावर नेत असे. आधी त्याचा बाप नेई, मग तो. बर्फ वितळलं की वर, बर्फ पडायला लागलं की खाली. आणि घोड्यावर बसायचं म्हणजे डावा पाय आधी रिकिबीत, मग उजवा पलीकडे. माणूस जन्माला आल्यापासून असंच चालत आलंय. डाव्या अंगठ्यानं संप केला की मालक जमिनीवर.

संप झाला गेल्या शरदात. आदल्या दिवशी सोयऱ्यांकडे लग्न होतं. केरिमकुलनं काळीज आणि गुर्दे तळून केलेलं खाणं ताटभर हाणलं होतं, वर व्होडका. पहाटे जाग आली ती कुणीतरी अंगठ्यावर उकळत्या चहाचा सामोवार आणून ठेवावा तशी. त्यानं अशी बोंब ठोकली की बायको आयिमकान काठी घेऊन गोठ्याकडे धावली. तिला वाटलं, लांडगा आला. परत आली तर लांडगा अंथरुणात. अंगठा टोमॅटोसारखा लाल, आणि त्यावर पांघरुणाची किनार टेकली तरी हा गडी ओठ चावतोय.

आयिमकानची एक सवय होती. नवऱ्यावर राग आला की ती त्याच्याशी बोलायची नाही, किटलीशी बोलायची.

"बघ गं किटले," ती म्हणाली, "मी सांगत होते ना, दुसऱ्यांदा ताट पुढे करू नका म्हणून? पण आमचं कोण ऐकतं? किटली तरी ऐकते."

मग औषधं सुरू झाली. शेजारची झूरा एजे, म्हणजे झूराताई, गावातली सगळ्यात म्हातारी बाई, प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. "अस्वलाची चरबी लाव रे, अस्वलाची. गरम करून लाव, गरम." चरबी लावली. अंगठा तसाच, वर घरभर अस्वलाचा वास. कुणी ताज्या मेंढीचं कातडं गुंडाळलं. कुणी मंतरलेला दोरा बांधला. मुकाश नावाचा गावातला जावई, मोठ्यांना अदबीनं 'अके' म्हणणारा, म्हणाला, "केरिमकुल अके, माझ्या मोटरसायकलला लावतो ते ग्रीस आणू का? गंजलेला नटसुद्धा सुटतो."

आणि सगळ्यांच्या वर केरिमकुलचा थोरला भाऊ, बेयशेन. पांढरी दाढी, पंचांचा पंच. त्याचं प्रत्येक वाक्य एकाच ठिकाणाहून सुरू व्हायचं. ढग आले तरी, ढग गेले तरी.

"मी म्हणतच होतो," बेयशेन म्हणाला. "मी म्हणतच होतो, याला वारा लागलाय. वर कुरणावर ओल्या जमिनीत झोपतो. वारा शिरला अंगठ्यात. काही नाही, निघेल."

वारा निघाला, हप्त्यानं. मग परत आला. मग गुडघ्याला जाऊन आला आणि पुन्हा अंगठ्यात मुक्कामाला. केरिमकुल हट्टी. डावा पाय चालत नाही तर नाही, म्हणाला, उजव्या बाजूनं चढतो. दुकानासमोर सगळे बसले होते. त्याचा घोडा तोरू, बारा गावांचं पाणी प्यालेला. मालक आज भलत्या बाजूनं येतोय हे बघून त्याला वाटलं चोरच आला. तो गर्रकन वळला, आणि केरिमकुल पाण्याच्या हौदात. टोपी तरंगली, मग केरिमकुल तरंगला.

गाव हसलं. हसू दे, त्याचं काही नव्हतं. पण बेयशेन हसला नाही. तो दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "मी म्हणतच होतो. वसंतात घोड्या मुकाशकडे द्यायला लागतील."

मुकाश बेयशेनचाच जावई. तो मेंढ्या हाकायचा मोटरसायकलवरून, पों पों करत. गाभण घोड्यांच्या कळपात तो भोंगा! केरिमकुलच्या डोळ्यांसमोर नुसतं ते चित्र आलं आणि ओल्या कपड्यांत त्याला घाम फुटला. घोड्या गेल्या तर तो कोण? चुलीशेजारी बसून चहा ढवळणारा एक म्हातारा. दुसऱ्या दिवशी तो जिल्ह्याच्या शहराला, नारिनला जाणाऱ्या गाडीत बसला.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टर सोनुन म्हणून बाई होत्या. बोलणं असं, की शेळ्या हाकताहेत.

"बूट काढा."

"निघत नाही."

"मग घातलात कसा?"

"पुढून कापून." बुटाचं तोंड कापलेलं होतं आणि त्यातून लाल अंगठा जगाकडे बघत होता.

बाईंनी हलकेच बोट टेकवलं. "दुखतं?"

"छे," केरिमकुल म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

रक्त घेतलं, लघवी घेतली, दुपारनंतर पुन्हा बोलावलं. "युरिक ॲसिड," बाई म्हणाल्या. "रक्तातला मळ म्हणा. मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा, तुमची कमी टाकतात. मग त्याचे बारीक खडे होतात, काचेच्या चुऱ्यासारखे, आणि सांध्यात जाऊन बसतात. वारा नाही, दृष्ट नाही, ओली जमीन नाही."

"मग एक सुई द्या, जोराची. एकदाच काय ते."

"एकदाच नाही. रोज एक गोळी. बहुतेक जन्मभर."

"जन्मभर? मी काय मरायला टेकलोय?"

"घोड्याला खोगीर रोज घालता ना? की एकदा घातलं ते जन्मभर पुरतं?"

केरिमकुल आणखी चिडला. बाई मात्र पुढे हाकतच होत्या. गोळीचं नाव ॲलोप्युरिनॉल. आधी लहान मात्रा. महिन्यानं रक्त तपासायचं, मग गरजेप्रमाणे वाढवायची, आपल्या मनानं नाही. जेवणानंतर घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं. सोबत आणखी एक बारीक गोळी, पहिले काही महिने, ठणका आवरायला. ती सांगितलीय त्याच्यापुढे अर्धीसुद्धा नाही. पोट बिघडलं तर लगेच कळवायचं. व्होडका, बिअर बंद. काळीज, गुर्दे बंद.

"आणि कुमीस?" केरिमकुलनं धसका घेऊन विचारलं. घोडीच्या आंबवलेल्या दुधाशिवाय उन्हाळा म्हणजे काय उन्हाळा.

"वाडगा. बादली नाही."

"मोठा वाडगा?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "नीट ऐका. सुरुवातीला अंगठा पुन्हा पेटेल. पेटला तरी गोळी सोडायची नाही. पण अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं, ताप आला, तर त्याच दिवशी गोळी बंद आणि मला फोन. आणि शेवटचं. ही गोळी तुमचं रक्त बघून, तुमची मूत्रपिंडं बघून दिलीय. घरात, शेजारी, कुणालाही द्यायची नाही. कळलं?"

"कळलं, कळलं," केरिमकुल म्हणाला. बाकी सगळं कळलं होतं. हे शेवटचं मात्र एका कानानं शिरून दुसऱ्या कानानं कधीच नारिनच्या रस्त्याला लागलं होतं. कारण तो वाडग्याच्या मापाचा विचार करत होता.

बर्फ पडलं, गोळ्या सुरू झाल्या. आणि थोड्याच दिवसांत अंगठा असा पेटला, असा पेटला की आधीचा ठणका गुदगुल्या वाटाव्यात.

केरिमकुलनं गोळ्यांचं पाकीट उचललं, लंगडत चुलीपाशी गेला, चुलीचं झाकण काढलं. हात वर. तेवढ्यात दार उघडून बेयशेन आत आला. बर्फ झटकलं, चुलीकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं.

"मी म्हणतच होतो! शहरातल्या बाईनं विष दिलंय. फेक, फेक ते!"

हात वरच्या वर थांबला.

पन्नाशी उलटली तरी थोरल्या भावानं फेक म्हटलं म्हणून फेकायचं? लहानपणी बेयशेननं "उडी मार" म्हटलं म्हणून तो गारठलेल्या नदीत पडला होता. "लग्न कर" म्हटलं म्हणून केलं होतं (ते एक बरं झालं). आता गोळीसुद्धा याच्या हुकमानं? केरिमकुलनं झाकण लावलं, पाकीट खिशात घातलं.

"नाही फेकत," तो म्हणाला.

"आँ?"

"मला सगळ्यांनी औषध दिलं. अस्वल लावलं, मेंढी बांधली. तेव्हा कुणी विष म्हणालं नाही. आता मी एक गोळी घेतो तर विष?"

डॉक्टरणीवर विश्वास बसला होता म्हणून नव्हे. बेयशेन फेक म्हणाला म्हणून. अशा रीतीनं केरिमकुलचं औषध चालू राहिलं.

बेयशेन गेल्यावर त्यानं फोन लावला, आणि सगळा राग तिकडे काढला. "तुमच्या गोळीनं मला मारलं, डॉक्टरीणबाई!"

"बोलताय म्हणजे जिवंत आहात. पुरळ?"

"नाही."

"ताप?"

"नाही. नुसता अंगठा! अंगठा म्हणजे भट्टी झालीय!"

"सांगितलं होतं ना? जुने खडे विरघळायला लागलेत. हलतात तेव्हा बोचतात. गोळी चालू ठेवा. सूज उतरायला काय द्यायचं ते गावच्या दवाखान्यात सांगून ठेवते, तेवढंच घ्या. पाय उशीवर. बर्फ लावा."

"बर्फ? अहो इथं दाराबाहेर छातीएवढं बर्फ आहे!"

"मग कमी पडणार नाही," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आयिमकान चहा गाळत होती. "किटले," ती म्हणाली, "ही बाई आवडली बघ मला."

ठणका गेला. पुन्हा एकदा आला, पण जरा लाजत लाजत. मग नाहीच आला. हिवाळा अर्धा सरला तेव्हा केरिमकुल बूट घालून, तोच कापलेला, पुढे लोकरीच्या नमद्याचा तुकडा शिवून, दुकानापर्यंत चालत गेला. दुकानातले सगळे एकदम बोलायला लागले.

इथून खरा घोळ सुरू झाला.

कोकअर्चात मेंढी कापली की शेजाऱ्याचा वाटा आधी निघतो, मग घरचं पातेलं चढतं. शहरातून कुणी पिशवी घेऊन आलं की पिशवी तो उघडत नाही, शेजाऱ्याची पोरं उघडतात. "वाटा कुठाय?" असं विचारायला कुणी लाजत नाही, आणि "नाही" म्हणायला जीभ वळत नाही. नाही म्हणणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार आपटणं. आता नारिनहून केरिमकुलकडे चांगली गोष्ट आली होती. मग वाटा नको?

झूरा एजे काठी टेकत आली. "आयिमकान, त्या पांढऱ्या गोळ्या गं, पांढऱ्या. माझे गुडघे बघ, कसे झालेत, कसे झालेत. दे ना थोड्या, थोड्याच दे."

आयिमकाननं दिल्या. सकाळी जिच्याकडून दही घेतलं, तिला संध्याकाळी गोळी नाही कशी म्हणायची? केरिमकुलला पाकीट हलकं लागलं तेव्हा त्यानं विचारलं. आयिमकान किटलीला म्हणाली, "किटले, सांग यांना, झूरा एजेनं दिलेले लोकरीचे मोजे कुणाच्या पायात आहेत म्हणावं."

केरिमकुलनं पायांकडे बघितलं आणि पाय आत ओढून घेतले. खरं तर त्याला आतून बरंही वाटलं. इतके दिवस सगळे त्याला औषध देत होते. आता त्याच्या घरून औषध जात होतं.

हे बरं वाटणं टिकलं झूरा एजे दिसेनाशी होईपर्यंत. ती पाण्याला आली नाही, दुकानात आली नाही. केरिमकुल बघायला गेला. म्हातारी अंथरुणात, तोंड सुजलेलं, हातांवर, छातीवर लाल चट्टे, ओठ फुटलेले. कपाळाला हात लावला तर तवा.

"खाज सुटतेय रे," ती म्हणाली. एकदाच म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणायचं त्राण नव्हतं. ते शेवटचं वाक्य नारिनच्या रस्त्यानं उलटं धावत येऊन त्याच्या कानावर आदळलं. कुणालाही द्यायची नाही. कळलं?

त्यानं फोन लावला. बाईंनी या वेळी एकही टोमणा मारला नाही, त्यानं तो जास्तच घाबरला. "गोळी बंद. आत्ताच. आणि तिला ताबडतोब घेऊन या."

बेयशेनची जुनी गाडी मागून आणली. आयिमकाननं म्हातारीला रजईत गुंडाळून मागे मांडीवर घेतलं, केरिमकुल पुढे. रस्त्यावर बर्फ. तो अख्ख्या वाटेत एक शब्द बोलला नाही. आयिमकानही नाही, आणि गाडीत किटली नव्हती.

म्हातारी वाचली. बाईंनी तिला बरेच दिवस ठेवून घेतलं. मग केरिमकुलला बाहेर बोलावलं.

"तिच्या गुडघ्यांत युरिक ॲसिड नव्हतंच. म्हातारपण होतं. मूत्रपिंडं अर्धी थकलेली. आणि तुम्ही तिला गोळ्या चारल्यात."

"वाटा मागितला हो तिनं," केरिमकुल पुटपुटला.

"वाटा? औषधाचा?" बाई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की बाकावरचे सगळे रुग्ण सरळ बसले. "आणखी एक-दोन दिवस घेतल्या असत्या तर वाटा कुणी खाल्ला असता, सांगा? मातीनं!"

केरिमकुल टोपी हातात धरून उभा राहिला.

परत आला तो वेगळाच माणूस. गोळ्या कोटाच्या आतल्या खिशात, खिशाला बटण, बटणावर हात. शाळेतले मास्तर कोपर धरून आले. "नाही." पोस्टातला माणूस खांदा धरून आला. "नाही. दवाखाना आहे, गाडी आहे, पाय आहेत. जा." ज्याच्या घरातून कधी कुणी रिकाम्या हातानं गेलं नव्हतं, त्यानं दाराशी येणाऱ्याला परतवायला सुरुवात केली. दुकानात त्याच्या नकला व्हायला लागल्या. एक जण छातीवर हात धरून डोळे बारीक करायचा आणि "नाही!" म्हणायचा, बाकीचे खो खो. केरिमकुल चिक्कू झाला, केरिमकुलला शहराचा वारा लागला, केरिमकुल बापाचं नाव घालवणार.

त्यानं एकदा ती नक्कल स्वतः बघितली. "हात आणखी वर धर," तो म्हणाला. "खिसा वर आहे." आणि मीठ घेऊन निघून गेला.

मग वसंत आला आणि जेवणाचा दिवस. दरवर्षी घोड्या वर जायच्या आधी सगळं गाव बेयशेनच्या घरी बसतं. मेंढीचं प्रत्येक हाड कुणाला जायचं ते ठरलेलं. डोकं कुणाला, माकडहाड कुणाला, बरगड्या कुणाला, वय आणि मान बघून. आणि कोकअर्चात मांडीचं मोठं हाड ज्याच्या ताटात पडतं, तो त्या उन्हाळ्याचा राखणदार. हाड वाढायचं बेयशेननं. कागद नाही, मतदान नाही. हाड पडलं की ठरलं.

केरिमकुल आत येऊन बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. सगळ्यांचे बूट दाराशी, एकाच ठिकाणी मात्र बूट एक आणि शेजारी नमद्याची सपात एक. त्यानं बेयशेनकडे बघितलं. बेयशेननं उजवा पाय गालिच्याखाली सरकवला. सरकवताना त्याचं तोंड जे झालं, ते केरिमकुलला फार ओळखीचं होतं.

पातेलं आलं. वाफेत हाडं निघाली. झूरा एजेला तिचं माकडहाड मिळालं, म्हाताऱ्या बाईचा मान. बेयशेननं मांडीचं हाड उचललं आणि हातातच धरून ठेवलं.

"मी म्हणतच होतो," तो म्हणाला, "की वाटा म्हणजे वाटा. बाप गेल्यापासून मी या भावाच्या ताटात हे हाड वाढतोय. कधी विचारलं नाही, याची लायकी काय. आज माझा पाय दुखतोय. जास्त नाही. जरासा. याच्या खिशात औषध आहे. दे म्हणावं थोरल्या भावाला त्यातलं थोडं, आणि घे हाड."

सगळ्यांची तोंडं केरिमकुलकडे वळली.

"नाही," केरिमकुल म्हणाला.

"ऐकू आलं नाही."

"आलंय, अके. मी नाही म्हटलं."

कुणाच्या तरी हातातून बोरसोक, तळलेल्या पिठाचा गोळा, पडला आणि घरंगळत चुलीपर्यंत गेला. कुणी उचलला नाही.

"सख्ख्या भावाला?"

"सख्ख्या भावाला म्हणूनच." केरिमकुल उठून उभा राहिला. त्यानं कोट काढला आणि बेयशेनसमोर ठेवला, गोळ्या आधी सदऱ्याच्या खिशात घालून. "कोट मागा, हा घ्या. तोरू मागा, बाहेर बांधलाय, सोडून न्या. घर मागा. आयिमकानला विचारावं लागेल, पण मागा. उद्या सकाळी नारिनला चला, मी नेतो. बाकावर तुमच्याबरोबर बसतो, रक्त काढतील तेव्हा हात धरतो, आणि डॉक्टरीणबाईंच्या शिव्या तुमच्या वाट्याच्यासुद्धा मीच खातो. पण ही गोळी नाही. ही माझं रक्त बघून दिलीय. तुमचं रक्त कुणी बघितलंय? तुम्ही तर आजवर कुणाला जीभसुद्धा दाखवली नाहीत!"

"म्हणजे हाड नको तुला," बेयशेन म्हणाला. आवाज थरथरत होता, रागानं की पायानं कोण जाणे. त्यानं हाड मुकाशच्या ताटात टाकलं. "झालं. घोड्या मुकाश नेईल."

केरिमकुल बसला नाही. "ठेवा त्याच्या ताटात. दर वसंतात तुमच्या हाडासाठी मी मान खाली घालून बसायचो. आज घालणार नाही. घोड्या गेल्या तर जातील. गोळी देऊन घोड्या नकोत मला."

हे बोलताना त्याची मान ताठ होती.

तेव्हा झूरा एजे काठीवर रेटा देऊन उठली. तिला उठताना बघून सगळे सरकले. ती मुकाशच्या समोर आली, आणि तिनं बाही वर केली. हातावरची कातडी अजून सापाच्या कातीसारखी सुटत होती.

"मी खाल्लाय याच्या घरचा वाटा," ती म्हणाली. "मी खाल्लाय. हे बघ बेयशेन, बघ. हा वाटा पाहिजे तुला? हा?" मग ती वाकली, मुकाशच्या ताटातलं हाड हातानं उचललं आणि केरिमकुलच्या ताटात ठेवलं. "यानं मला नाही म्हणायला पाहिजे होतं. तेव्हा म्हणाला नाही. आता म्हणतोय. मला हा आताचा आवडला, आताचा."

हाड बायकांनी वाढायची रीत नव्हती. पण गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला रीत कोण शिकवणार? मी म्हणतच होतो, हे बेयशेनलाही म्हणता येईना.

"घ्या, केरिमकुल अके," मुकाश घाईनं म्हणाला. "मी एकच घास खाल्लाय. आणि खरं सांगू? वर मोबाइलला रेंज नाही."

"थांबा," बेयशेन म्हणाला. शेवटचा पत्ता. "रिकिबीत पाय घालून दाखव आधी. डावा."

सगळं गाव ताटं सोडून अंगणात. तोरूनं कान टवकारले. केरिमकुलनं लगाम धरला, नमदा शिवलेला बूट उचलला, खाली बघितलंसुद्धा नाही, आणि डावा पाय रिकिबीत घातला. दाबला. उजवा पाय पलीकडे. खोगिरात बसून त्यानं हौदाकडे बघितलं, मग गावाकडे.

अंगठा दुखला का? किंचित. ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

परत आत येऊन त्यानं मांडीच्या हाडावरच्या मांसाची एक पातळ पट्टी कापून खाल्ली, बाईंनी परवानगी दिली होती तेवढीच. बाकीचं मांस सगळ्यांना वाटून टाकलं. पहिला वाटा बेयशेनच्या ताटात. बेयशेननं तो खाल्ला, कारण मटण होतं, आणि कारण सगळे बघत होते.

निघायच्या आधी केरिमकुल गोळ्या आणायला नारिनला गेला. बाईंनी रक्त तपासलं, मान हलवली आणि उन्हाळ्यासाठी गोळ्या लिहून दिल्या, पण मध्येच एकदा खाली येऊन तपासायची अट घातली.

"कुरणावरून? एवढी वाट?"

"घोड्यावर या. बसता येतं ना आता?"

बाहेर पडताना त्यानं बेयशेनसाठी नंबर लावून ठेवला. परत आल्यावर त्याच्या दारात उभं राहून एवढंच म्हणाला, "अमुक दिवशी तुमचा नंबर आहे. जायचं तर जा."

तो दिवस आणि घोड्या वर न्यायचा दिवस नेमका एकच निघाला. पुलापलीकडे कुरणाची वाट वर जाते आणि नारिनची खाली, त्या पुलावर गाठ पडली. घोड्या आणि शिंगरं पूल भरून वर चाललेली, मागे तोरूवर केरिमकुल, खोगिराला पाण्याची मोठी बाटली लटकलेली. त्यांच्यातच बेयशेनची गाडी अडकली होती, मुकाश चालवत होता. पों पों वाजवायला त्याचा हात भोंग्याकडे गेला, केरिमकुलनं नुसतं बघितलं आणि हात मांडीवर परत आला. घोड्यांनी गाडीला गराडा घातला. एका शिंगरानं आरसा चाटला.

काच खाली आली. आतून पांढरी दाढी बाहेर आली.

"अरे केरिमकुल!"

"बोला, अके."

बेयशेननं इकडेतिकडे बघितलं. आजूबाजूला घोड्यांशिवाय कुणी नव्हतं, तरी त्यानं आवाज खाली आणला. "ती गोळी... जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर?"

केरिमकुलला उत्तर माहीत होतं. जिभेवर आलंही होतं. त्यानं टाच मारली, आणि तोरू शिंगरांच्या मागे चालायला लागला.

"डॉक्टरीणबाईंना विचारा!" तो खोगिरातूनच ओरडला.